नियमाची जागा एकच असावी

जोतिबाच्या डोंगराच्या परिसरातील आपल्या निवासी विद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यास साहाय्य करण्याचे काम आम्ही शिक्षक अनेक वर्षे करीत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी नोंदवहीऐवजी आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने एक साधे वेब अ‍ॅप्लिकेशन तयार केले. त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक आणि तिच्यातून मिळालेला धडा या स्मरणिकेत नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या शिष्यवृत्तीकरिता पालकांचे वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांहून अधिक नसावे, अशी अट आहे. आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ही अट दोन ठिकाणी लिहिली गेली होती. कार्यालयाच्या यादीत ती बरोबर होती. परंतु अर्जाच्या पडद्यावर ‘२,५०,००० पेक्षा कमी’ अशी उतरली होती. एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या दाखल्यावर उत्पन्न होते नेमके २,५०,००० रुपये. पडद्याने तिला अपात्र ठरवले. वडील एक शब्दही न बोलता दाखला घडी करून परत निघाले. कार्यालयाच्या यादीत मात्र तीच मुलगी पात्र दिसत होती. ही विसंगती वेळीच ध्यानात आली म्हणून तिचा अर्ज मुदतीत गेला. एका शब्दाच्या फरकाने तिचे वर्ष संकटात आले होते.

या चुकीचे मूळ रचनेत होते. म्हणून आम्ही अ‍ॅप्लिकेशनची तीन स्तरांत नव्याने मांडणी केली.

पहिला दर्शनी स्तर. एचटीएमएलमध्ये लिहिलेला अर्ज येथे दिसतो. माहिती घेणे आणि उत्तर दाखवणे, एवढेच त्याचे काम. तिसरा माहितीसाठ्याचा स्तर. आमच्यासारख्या लहान संस्थेला एसक्यूलाइट पुरते. त्यात सारा साठा एकाच फायलीत राहतो. या दोहोंच्या मधला तो नियमांचा स्तर. संगणकतज्ज्ञ त्याला ‘बिझनेस लॉजिक’ म्हणतात. येथे ‘बिझनेस’चा अर्थ व्यापार नव्हे, तर संस्थेच्या कामाचे नियम. कोण पात्र, कोण अपात्र आणि का, हे फक्त येथेच ठरते.

या स्तराचे पथ्य असे की, त्यात पडद्याच्या रंगरूपाचा वा साठ्यातील तक्त्यांचा उल्लेखही नसावा. त्याने माहिती घ्यावी आणि निर्णय कारणासह द्यावा. पायथन भाषेतील आमची नियमांची फाईल जेमतेम दोन पानांची आहे. संगणक न जाणणारा पालकही शेजारी बसून ती समजून घेऊ शकतो आणि ‘ही अट अशी का?’ असे विचारू शकतो.

याचे लाभ तीन. शासनाने मर्यादा बदलली, तर एकाच ओळीत बदल करावा लागतो. उद्या मोबाइलसाठी नवा पडदा केला, तरी तो त्याच नियमाला विचारतो. आणि नियमाची स्वतंत्र परीक्षा घेता येते. २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१ हे तीन आकडे आम्ही प्रत्येक बदलानंतर त्याला देतो. पहिली दोन उत्तरे ‘पात्र’ आणि तिसरे ‘अपात्र’ आल्याखेरीज अ‍ॅप्लिकेशन वापरात येत नाही. सीमेवरचा आकडा तपासायचाच, हे आम्ही त्या मुलीच्या दाखल्याकडून शिकलो.

इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या आम्हांस ही रीत अपरिचित वाटली नाही. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाची बांधणी पाहावी. मागासवर्गीय कोणास म्हणावे, याची व्याख्या त्यातच आहे. ज्या कार्यालयात हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक मागासवर्गीयाचीच करावी, ही कृतीही त्यातच आहे. आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे, ही तपासणीही त्यातच आहे. व्याख्या, कृती आणि तपासणी एकत्र लिहिलेली असल्याने नियम प्रत्येक कारकुनाच्या मर्जीवर सोपवला गेला नाही.

पडद्यामागे दडलेला आणि जागोजागी निरनिराळा लिहिलेला नियम नेहमी दुर्बलालाच आधी नडतो. कारण निर्णयाचे कारण विचारण्याचे बळ त्याच्यापाशी सर्वांत कमी असते. संगणक स्वतः न्यायी नसतो आणि अन्यायीही नसतो. आपण जे लिहून देतो, तेच तो अथकपणे करीत राहतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे : आपण लिहाल तो नियम एकाच जागी लिहा, वाचता येईल असा लिहा आणि नकाराबरोबर त्याचे कारणही द्या. दाखल्याची घडी करून मुकाट्याने परतणाऱ्या बापाला ते कारण विचारावे लागू नये.