आधी बरा होऊ दे, मग काम?

मनाच्या आजाराविषयी आपल्या घराघरांत एक ठराविक वाक्य ऐकू येते. "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग शाळेचे आणि कामाचे पाहू." वाक्य मायेचे आहे. आई तेच म्हणते, आजी तेच म्हणते. पण या मायेपोटी किती तरुण मुलामुलींची उमेदीची वर्षे मागच्या खोलीत बसून जातात, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तोच विचार आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम वयाची गोष्ट पाहू. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसून आले की, माणसाला आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आमच्या बेटावर ही वर्षे म्हणजे एस. सी. आणि एच. एस. सी. परीक्षांची, पहिल्या नोकरीची वर्षे. मुलगा तीन-चार महिने आजारी पडतो, तेवढ्यात वर्ग पुढे निघून जातो. औषधाने आजार आटोक्यात येतो, पण हाती प्रमाणपत्र नसते, काम नसते, सोबतीही उरत नाहीत. या रिकामपणावर कोणत्याही दवाखान्यात गोळी मिळत नाही.

पूर्वी जाणकारांचेही मत आपल्यासारखेच होते. रुग्णाला आधी कार्यशाळेत बसवायचे, हलकीसलकी कामे शिकवायची आणि तो 'तयार' झाला की नोकरी शोधायची. पुष्कळांच्या बाबतीत तो 'तयार' होण्याचा दिवस उजाडतच नसे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला काम करायचे आहे त्याला विचारायचे, "तुला कोणते काम आवडेल?" आणि लगेच शोधाला लागायचे. काम खरे आणि पगार इतरांप्रमाणे. शिकायचे ते कामावरच. मदतनीस आणि डॉक्टर एकमेकांशी बोलून चालतात आणि नोकरी लागली म्हणून मदत थांबत नाही.

"पण कामाच्या ताणाने आजार उलटला तर?" हा प्रश्न कोणीही विचारील. युरोपातील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर ही पद्धत तपासून पाहण्यात आली आणि २००७ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. दीड वर्षाच्या काळात नव्या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी पगारी काम केले. जुन्या पद्धतीत हे प्रमाण २८ टक्के होते. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले ते नव्या पद्धतीत २० टक्क्यांना, जुन्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. कामामुळे आजार उलटतोच, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

शिक्षणालाही हाच न्याय लागू आहे. आम्ही शिक्षक मंडळी फार मोठे काही न करताही पुष्कळ करू शकतो. मूल घरी असताना एका शिक्षकाने संबंध ठेवावा आणि वह्या पोचत्या कराव्यात. परतल्यावर सुरुवातीला अर्धा दिवस किंवा थोडेच विषय चालवून घ्यावेत. काही औषधांनी सकाळी गुंगी असते, तोंड कोरडे पडते. तेव्हा पाण्याची बाटली जवळ असू द्यावी आणि डोळा लागला म्हणून रागावू नये. सूचना तोंडी देऊन फळ्यावरही लिहाव्यात. वर्गाला काय सांगायचे आणि काय नाही, हे मात्र त्या मुलाने ठरवावे.

कामाच्या ठिकाणीही असेच आहे. आमच्या ओळखीचा एक तरुण एच. एस. सी.च्या वर्षी आजारी पडला. पुढे त्याच्या काकांनी त्याला आपल्या दुकानात सकाळचे तीन तास मालाची नोंद ठेवायला बसवले. खर्चाला पैसे म्हणून नव्हे, तर तासाच्या हिशेबाने पगार दिला. दवाखान्याच्या दिवशी सुटी ठरलेली होती. वर्षभराने तो पूर्ण दिवस काम करू लागला. औषध आजही चालू आहे आणि कामही चालू आहे. हॉटेलात किंवा कारखान्यात रात्रपाळीने झोप मोडते, ती अशांना शक्यतो देऊ नये. मालकाने एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

कायद्यानेही वाट दाखवली आहे. मॉरिशसच्या १९९६ च्या कायद्याने ३५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनी ३ टक्के जागा अपंगांना द्याव्यात असा नियम घातला. पण जो आजार घरच्यांनीच लपवला, त्याच्यासाठी जागा मागायला जाणार कोण?

लपवण्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. समाज लहान आहे आणि बहिणीचे लग्न व्हायचे आहे. शिवाय कोणी जरा वेगळे वागले की "याला बो-बासेंला पाठवा" असे म्हणून आपण हसतो. तेथे मानसिक रुग्णालय आहे, एवढ्यावरून आपण एका चांगल्या गावाच्या नावाची शिवी करून टाकली!

परदेशात राहणाऱ्या एका मराठी माणसाने मात्र हा आजार लपवला नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. याच आजारावरील 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ साली आला, त्यालाही त्यांचे पाठबळ होते.

वाचकहो, आपला समाज लहान आहे, यातच आपले बळही आहे. कोणाचे दुकान आहे, कोणाची शेती आहे, कोणी कचेरीत आहे. डॉक्टरांना विचारून आणि त्या मुलाची किंवा मुलीची इच्छा असेल तर दोन तासांचे काम आपल्यापैकी कोणीही देऊ शकेल. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. येत्या गणेशचतुर्थीला कामांची वाटणी होईल, तेव्हा त्या यादीत मागच्या खोलीतल्या त्या नावालाही जागा असू द्या.