चिंतेची मुदत

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके इतिहासाच्या वाचकाला पंतसचिवांच्या संस्थानामुळे व राजगड-तोरण्यामुळे, आणि पुणेकराला पानशेत-वरसगावच्या पाण्यामुळे परिचित आहेत. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय गडांचा वा धरणांचा नाही. या डोंगरवाड्यांतून एस.टी.ने उतरून भोरच्या, नसरापूरच्या वा पुण्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, शिरवळच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या, खोली भाड्याने घेऊन प्रथमच घराबाहेर राहणाऱ्या, आणि कित्येकदा शिक्षण पुरे होते न होते तोच बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या तरुण-तरुणींच्या मनात जी एक चिंता वास करते, आणि जी ते आईबापांपाशीही बोलू शकत नाहीत, तिच्याविषयी येथे चार शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत. ती चिंता शरीरसंबंधाची, त्यातून दिवस राहण्याची आणि रोगाची.

लहान गावाचा स्वभावच असा की तेथे साधन दूर नसते, पण संकोच फार जवळ असतो. आशाताई भावकीतली, नर्सबाई आईची मैत्रीण, मेडिकलचा मालक वडिलांच्या ओळखीचा. मग निरोधचे पाकीट कोणापाशी मागावे आणि पाळी चुकल्याची गोष्ट कोणास सांगावी? प्रश्न मनातच कोंडला जातो, आणि त्याचे उत्तर मित्राच्या फुशारकीतून, मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितीतून अथवा पपई व काढ्याच्या ऐकीव उपायांतून शोधले जाते. अज्ञानाने जेवढी हानी होते, तेवढीच, किंबहुना तीहून अधिक, या मौनात वाया जाणाऱ्या दिवसांनी होते; कारण या विषयातील जवळजवळ प्रत्येक उपायास निसर्गाने वा कायद्याने एक मुदत घालून दिलेली आहे.

हे मौन मोडण्याचा आरंभीचा एक धीट प्रयत्न मराठीत झाला, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावयास हवा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या मतांपायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाची नोकरी सोडावी लागली. आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली आपला अंत होईपर्यंत, पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने व स्वतःच्या पदरास खार लावून, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात वाचकांच्या खाजगी शंकांना दिलेली उत्तरेच आक्षेपार्ह ठरविण्यात आली होती, आणि त्या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्याच आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा पुरस्कार करणारा ठराव मांडण्यात आला; सभागृहाने तो फेटाळला. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आले, आणि ज्या ज्ञानासाठी एका प्राध्यापकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या ते आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगविलेले असते. कायद्याचा मज्जाव उठला. मनाचा मज्जाव मात्र अद्याप कायम आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. स्त्रीच्या बीजकोशातून साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी एक बीज बाहेर पडते व ते १२ ते २४ तास टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाळीचे चक्र तरुण वयात पुष्कळदा अनियमित असल्याने 'सुरक्षित दिवस' मोजून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. चुंबनाने, आलिंगनाने, एकाच विहिरीत पोहल्याने वा कपड्यांच्या स्पर्शाने दिवस राहत नाहीत. याउलट पहिल्याच संबंधात राहत नाहीत, उभ्याने राहत नाहीत किंवा नंतर धुऊन घेतल्याने राहत नाहीत, या समजुती निखालस खोट्या आहेत. वीर्य बाहेर टाकण्याच्या पद्धतीवर पुष्कळांचा भरवसा असतो. पण केवळ तिच्यावर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे वीस जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो, हे ध्यानात ठेवावे.

साधनांपैकी निरोधाचे स्थान वेगळे आहे, कारण गर्भ आणि रोग या दोहोंपासून रक्षण करणारे साधन तेच होय. अचूक वापरल्यास शंभर जोडप्यांमागे वर्षाला दोन, आणि सर्वसाधारण वापरात सुमारे तेरा जोडप्यांना गर्भ राहतो. हा फरक वापरातील हयगयीचा आहे. पाकिटावरील मुदत पाहावी, दातांनी फाडू नये, टोकाची हवा काढून संबंधाच्या आरंभापासून चढवावा, एकावर एक असे दोन वापरू नयेत, आणि खोबरेल तेल तर मुळीच लावू नये, कारण तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. स्त्रियांसाठी सरकारी दवाखान्यांत 'माला-एन' ही रोजची गोळी, 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी, दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन आणि तांबी ही साधने विनामूल्य मिळतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली 'छाया' पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. तांबी प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे काम देते, आणि काढल्यावर गर्भधारणा पूर्ववत होऊ शकते. तिने कायमचे वांझपण येते ही भीती निराधार आहे. कोणते साधन कोणास मानवेल हे प्रकृती तपासून डॉक्टरांनी वा परिचारिकेने ठरवावे. नवविवाहितांनीही हे जाणून घ्यावे, कारण लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर सुनेला बोल लावणाऱ्या घरात पाळणा लांबविण्याचा अधिकार पतिपत्नींचाच आहे, आणि तो बजावण्यास पतीने पत्नीच्या बाजूस उभे राहिले पाहिजे.

निरोध फाटला, गोळी विसरली किंवा साधन वापरलेच नाही, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर तितकी अधिक उपयोगी म्हणून, घ्यावी. ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते व आशाताईंकडेही असते. ही गोळी बीज बाहेर पडणे लांबविते. आधीच राहिलेला गर्भ ती पाडीत नाही, पुढच्या संबंधापासून रक्षण करीत नाही, आणि ती नित्याचे साधन म्हणून वापरावयाची नव्हे. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हाही तितकाच, किंबहुना अधिक खात्रीचा उपाय आहे.

पाळी चुकली की अर्धी भीती तपासणीने जाते. परीक्षा, जागरण, आजारपण वा मनस्तापानेही पाळी लांबते. म्हणून तर्क करीत बसण्यापेक्षा चुकलेल्या दिवसापासून सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करावी. 'निश्चय' नावाची चाचणीपट्टी सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते. उत्तर नकारार्थी येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा पाहावे. येथे एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते: वैद्यकशास्त्र गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते, म्हणजे नियमित पाळी चुकते त्या दिवशीच हिशेबात चार आठवडे भरलेले असतात. भातलावणीची वेळ टळल्यावर जसा शेतकऱ्याच्या कष्टाचा उपयोग उरत नाही, तसेच येथे दोन महिने रडण्यात काढल्यावर सोपा मार्ग हातचा जातो.

सोपा मार्ग कायद्याने खुला आहे. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पुढील तरतुदी अमलात आल्या. साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो, आणि हे कारण आता केवळ पतीच्या नव्हे तर जोडीदाराच्या बाबतीतही ग्राह्य आहे. विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत जाते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीस या हक्कातून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची केवळ स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची, बापाची वा भावाची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर असून ते मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो, परंतु तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच. ओळखीच्या माणसाकरवी चोरून आणलेल्या गोळ्या घेतल्यास गर्भ अर्धवट राहून रक्तस्राव होण्याचा, अथवा गर्भाशयाबाहेरील गर्भ ध्यानात न येऊन प्राणावर बेतण्याचा संभव असतो. लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप वा असह्य पोटदुखी असेल, तर रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावे.

वय अठराच्या आत असेल तर प्रश्न निराळा होतो. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारप्रतिबंधक कायद्यान्वये त्या वयाखालील मुलीशी झालेला संबंध तिच्या संमतीनेही गुन्हाच ठरतो, व डॉक्टरला तशी खबर द्यावी लागते. गर्भपातास पालकाची लेखी संमती लागते. तथापि उपरोक्त निर्णयात न्यायालयाने असेही म्हटले की मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने त्या खबरेत तिची ओळख देण्याची गरज नाही. म्हणून पोलिसांच्या धाकाने मुलीला दवाखान्यापासून दूर ठेवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होय.

रोगांविषयीही असाच विचार करावा. उपदंश, परमा, एचआयव्ही यांसारखे रोग आरंभी पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाहीत. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, जखम, लघवीची जळजळ यांची लाज न बाळगता दोघांनीही एकदम उपचार घ्यावेत, अन्यथा एकाचा रोग दुसऱ्याकडे परत येतो. एचआयव्हीचा धोका संभवल्यास ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे आहेत. १०९७ या मोफत दूरध्वनीवर माहिती मिळते, व सरकारी केंद्रांत चाचणी विनामूल्य आणि गुप्तपणे होते. बळजबरी झाली असेल तर सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयास पीडितेवर तात्काळ व मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. संबंध लग्नाच्या आधीचा असो वा नंतरचा, त्यात दोघांची मनःपूर्वक संमती नसेल तर कोणतेही साधन त्यास सुरक्षित करू शकत नाही.

या सर्व व्यवहारात चिंतेचा भार एकट्या मुलीवर पडतो, हा आपल्या समाजाचा दोष स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. निरोध मागण्याची लाज, चाचणीचा खर्च, दवाखान्यापर्यंतचा प्रवास आणि प्रसंगी पश्चात्ताप, या प्रत्येकात तरुणाचा अर्धा वाटा आहे. तो जो उचलीत नाही त्याने प्रेमाची भाषा बोलू नये. शिक्षकांनी पुस्तकातला या विषयाचा धडा घाईने उलटू नये, मेडिकलच्या मालकाने गिऱ्हाइकाकडे रोखून पाहू नये, आणि आशाताईंनी व परिचारिकांनी ऐकलेली गोष्ट ओटीवर न नेण्याचा निर्धार करावा. कारण गुप्ततेची खात्री पटली तरच तरुण माणूस मुदतीच्या आत दारात येतो.

भोरचे उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे तरुणांसाठीही आहेत. तेथे ओळखीच्या चेहऱ्याचा संकोच वाटत असेल तर पुण्याचे ससून रुग्णालय आहे. म्हणून भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक तरुण वाचकास एवढीच विनंती की, साधन आधी जवळ ठेवावे, चूक घडल्यास तीन दिवसांच्या आत विचारावे, आणि पाळी चुकल्यास त्याच आठवड्यात तपासणी करून दवाखान्यात जावे.