कापलेल्या कागदातला डॉन किहोते

‘डॉन किहोते’च्या आठ प्रकरणांचा संस्कृत अनुवाद २०१९ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू या काश्मिरी पंडितांनी तो १९३०च्या दशकातच करून ठेवला होता, बोस्टनच्या कार्ल केलर यांच्यासाठी. या कादंबरीच्या नाना भाषांतल्या आवृत्त्या जमवायचा केलर यांना ध्यास होता. त्यांचा माग काढता काढता मी एका जपानी चित्रपुस्तकापाशी येऊन थांबलो. तेही त्यांनीच करवून घेतलेलं. सेरिझावा केइसुके यांनी स्टेन्सिलने छापलेलं, १९३७ सालचं, अवघ्या ७५ प्रतींचं.

सेरिझावा १८९५ साली शिझुओकात जन्मले. ओकिनावाचं बिंगाता कापड पाहून ते छापकामाकडे ओढले गेले आणि १९५६ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या सन्मानाला पोहोचले. एवढा इतिहास पुरे. मला गुंतवलं ते त्यांच्या कलेच्या कागदाने.

तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाचे थर तुरट पर्सिमन फळाच्या रसाने एकमेकांना चिकटवतात. कागद तपकिरी, चिवट होतो, ओल्या रंगापुढे मान टाकत नाही. मग चाकू. कापलं तिथून रंग उतरतो, कागद राहिला तिथे कोरं राहतं. ऐकायला सोपं आहे, पण चेहऱ्याभोवतीची रेघ अखंड कापली की सगळा चेहराच निखळून हातात येतो. आपल्याकडे पिंपांवर स्टेन्सिलने रंगवलेला ‘व’ पाहा, पोटातला गोल टिकावा म्हणून त्याची रेघ मध्येच तुटलेली असते. सुटे भाग जोडून ठेवणारे असे दुवे जपानी कारागिराला आधीच योजावे लागतात. काम नाजूक असेल तर कागदावर रेशमी जाळी रोगणाने बसवतात आणि मग दुवे कापून टाकतात.

या अडचणीतच सेरिझावांची शैली घडली, असं मला वाटतं. इथे बारीक छटांना, फिक्या सावल्यांना जागा नाही. रेघ जाड आणि ठाम. त्यांचा किहोते चक्क सामुराई आहे, आणि स्पेनचा वाराही नसलेल्या त्या चित्रांत तो मला जास्तच खरा वाटला. रंग सतराव्या शतकातल्या ‘तानरोकुबोन’ पुस्तकांच्या वळणाचे, नारिंगी आणि हिरवे, हाताने भरलेले. त्यामुळे छाप एकच असूनही कुठल्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत.

मोनोटाइपची गंमत हीच, आणि अडचणही. पाटीवर शाई लावून काढलेला खरा ठसा एकच. दुसरा निघालाच तर फिका. देगा यांनी लुदोविक आलेव्ही यांच्या कार्दिनाल कुटुंबाच्या कथांसाठी असे ठसे काढले होते. ते पुस्तकात आले १९३८ साली, चित्रकार आणि लेखक दोघेही गेल्यावर. एकुलत्या ठशांचं पुस्तक करायचं कसं, या प्रश्नावर स्टेन्सिल आणि हाताचा रंग ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटते.

काळजी आहे ती कागद कापणाऱ्यांची. कापलेल्या कागदी छापांचं माहेरघर म्हणजे जपानच्या मिए प्रांतातलं सुझुका. तिथला कारागीर कोरण्याची अवजारंही स्वतःच घडवतो, म्हणजे शिकणं तिथूनच सुरू होतं आणि हात बसायला वर्षं जातात. हा धंदा किमोनोच्या कापडावर पोसला होता. किमोनोची मागणी आटली तशी कामंही आटली. चित्रपुस्तकं ती तूट भरून काढतील अशी आशा धरावी, तर ७५ प्रतींवर एका माणसाचंही वर्ष निघत नाही. लेझरने प्लॅस्टिकच्या शीटवर हवा तो छाप झटपट कापता येतो. नवे चित्रकार तो वापरतील, वापरावाही. पण दुवा कुठे ठेवायचा हे लेझर ठरवत नाही. ते ज्यांना कळतं ते हात आता म्हातारे होत चाललेत, आणि त्यांच्या शेजारी बसून शिकायला येणाऱ्या तरुणाला पोटापुरतं काम कुठून मिळायचं, हे मला अजून कुठेच दिसलेलं नाही.