ढाली किती, की दम किती जणांना लागला?

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊ. शाळेला खेळाचं धोरण कशासाठी हवं? चांगले खेळाडू निवडायला, की सगळी मुलं धडधाकट राहावीत म्हणून? ही दोन साध्यं वेगळी आहेत.

आधी हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामाघूम होईल अशी हालचाल हवी. आठवड्याला ४२० मिनिटं. समजा, शाळेत ३५ मिनिटांच्या दोन पी.टी.च्या तासिका आहेत. झाली ७० मिनिटं, म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा. त्यातून हजेरी आणि रांगा वजा करा. दहावीत तर त्या तासाला गणितच होतं!

आता मैदानावर बघा. ६० मुलांचा वर्ग आणि खो-खोचा एक सामना. दोन्ही संघांचे मिळून १८ जण. एका क्षणी पळतात किती? पाठलाग करणारा एक आणि पळणारे तीन. ४२ मुलं तर नुसती बघताहेत. यात खो-खोचा दोष नाही. सामना हे निवडीचं साधन आहे, त्याला आपण व्यायाम समजतो.

गुणांचंही तेच. आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पण ते स्पर्धेतल्या कामगिरीवर. जी मुलगी रोज धावते, पण संघात निवडली जात नाही, तिची या धोरणात नोंदच नाही. २०१६च्या आकडेवारीवरच्या एका जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के शाळकरी मुलं पुरेशी हालचाल न करणारी निघाली. त्यात मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा अधिक.

अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवलंय. लहानपणी आणि मोठेपणीही ऑलिम्पिक जिंकलेले दोन-तीनच सापडतात, कारण कोवळ्या वयातल्या कठोर सरावात शक्ती खर्ची पडते. म्हणजे निव्वळ जिंकण्याच्या मागे लागलं, तर जिंकणाऱ्याचंही भलं होईलच असं नाही.

मग करायचं काय? सामने जरूर ठेवा. पण तासिकेत लेझीम, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, चार-चार जणांचे छोटे खेळ घ्या, ज्यात 'बाद' होऊन कुणी कडेला बसत नाही. मुलींना कपडे बदलायला जागा द्या. आणि पालकसभेत, यंदा ढाली किती मिळाल्या, हे विचारण्याआधी एवढंच विचारा: आज वर्गातल्या किती मुलांना दम लागला?