तंबोऱ्याची गवसणी आणि दहावीचें वर्ष

जून महिना आला, शाळा उघडल्या, आणि घरांतील एखादें मूल नववींतून दहावींत गेलें, कीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक लहानसा विधि बहुधा न चुकतां पार पडतो. तबल्याची जोडी जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर जाते. तंबोऱ्यास गवसणी चढते. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या खणांत, धाकट्या भावंडांचा हात पोंचणार नाहीं अशा बेतानें ठेवली जाते. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," असें आई म्हणते. वडील शिकवणीच्या वर्गाचें वेळापत्रक भिंतीवर लावतात. आणि ज्या आजोबांनीं त्याच मुलाचा पहिला भूप शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून ऐकविलेला असतो, तेही मान डोलावून मोकळे होतात. यांत कोणाचाच वाईट हेतु नसतो. परंतु त्या एका वर्षाचीं पुढें तीन वर्षें होतात, कारण दहावीच्या पाठीमागें बारावी उभीच असते; आणि तीन वर्षांनीं गवसणी काढावी तों तारा गंजलेल्या व गळा अवघडलेला आढळतो.

ही गवसणी चढविण्यापूर्वीं आपलें मूल त्या विद्येच्या नेमक्या कोणत्या पायरीवर उभें आहे, हें वडील माणसांनीं एकदां नीट पाहावें, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच आहे. गाणें किंवा चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येक मुलानें तीच वृत्ति पत्करावी, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. बहुतेक मुलें ती पत्करणार नाहींत, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं.

शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पांढरपेशा घरांतील मुलानें गाणें शिकावें ही कल्पनाच पुष्कळांना असह्य वाटे. मुलीनें शिकावें, हें तर बोलावयासच नको. गाणें दुसऱ्याच्या माडीवर जाऊन ऐकावें, वाहवा करावी, परंतु तें आपल्या ओसरीवर येऊं देऊं नये, असा तो विचित्र न्याय होता. अशा काळांत, १८७२ सालीं, कुरुंदवाड येथें विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली, पुस्तकी शिक्षणाची वाट खुंटली, आणि म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखालीं गाणें शिकूं लागले. गुरूची मर्जी आणि शिष्याचें दैव यांवर सर्वस्वीं अवलंबून असलेली ही विद्या वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपि आणि परीक्षा यांच्या साह्यानें कोणाही होतकरू मुलास मिळावी, ह्या हेतूनें त्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली. पुढें कर्जापायीं मुंबईची इमारत हातची गेली, पण शिष्य राहिले. १९२५ सालीं प्रो. देवधरांनीं मुंबईंत आपली संगीतशाळा सुरू केली. १९३१ सालीं पलुसकर वारले, त्याच वर्षीं शिष्यमंडळींनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. आणि १९३२ सालीं विनायकबुवा पटवर्धनांनीं पुण्यास विद्यालय उघडलें. इकडे पंडित भातखंडे यांनीं निरनिराळ्या घराण्यांतील चिजा मोठ्या सायासानें मिळवून क्रमिक पुस्तकांच्या रूपानें छापल्या, त्यामुळें घराण्याबाहेरच्या मुलासही त्या पाहावयास मिळूं लागल्या. आज आपल्या गल्लींतील गायनवर्गाच्या पाटीकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. ती पाटी अशा घरांच्या वस्तींत उजळ माथ्यानें लागावी, यासाठीं एका पिढीचीं आयुष्यें खर्चीं पडलेलीं आहेत.

ह्याच मंडळाच्या परीक्षा आज घरोघरींचीं मुलें देतात. त्यांचा जिना असा आहे: प्रारंभिक, मग प्रवेशिकेचे प्रथम व पूर्ण हे दोन भाग, मग मध्यमेचे तसेच दोन, त्यानंतर विशारदाचे दोन, आणि सर्वांच्या वर अलंकार. आतां थोडा हिशेब करूं. पांचवींत असतां प्रारंभिकेला बसलेलें मूल दर वर्षास एक पायरी चढत गेलें, तर नववींत तें मध्यमा पूर्ण करतें. पहिल्या तीन वर्षांत त्यास काय येतें? भूप, दुर्गा, काफी अशा रागांतील छोट्या चिजा, सरगमगीतें, लिहून दिलेले आलाप व ताना, आणि हातावर धरलेला त्रिताल नि झपताल. हें सर्व पाठांतर असतें. तें चांगलेंच आहे. पण तें मुळाक्षरें गिरविण्यासारखें आहे. मध्यमेच्या सुमारास विलंबित ख्याल येतो, आणि तेथें सगळाच प्रकार पालटतो. बारा मात्रांचा एकताल इतका सावकाश चालूं लागतो कीं, एका आवर्तनांत केवढी तरी मोकळी जागा पडते. ती जागा मुलानें स्वतः भरावयाची असते. कोठें थांबावें, कोणता स्वर किती वेळ धरावा, आणि समेवर येण्याची वाट कोठून धरावी, हें आतां वहींत लिहिलेलें नसतें. पाठ केलेलें गाणें संपून स्वतःचें गाणें येथें सुरू होतें. पांच वर्षांची फी, पावसापाण्यांतून केलेल्या खेपा, शिक्षकांचे परिश्रम, हें सर्व ज्या दारापर्यंत येण्यासाठीं केलें, नेमक्या त्याच दारांतून आपण मुलास मागें वळवितों.

मुलांच्या बाबतींत आणखी एक अडचण ह्याच वयांत येते, ती म्हणजे आवाज फुटण्याची. तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत काळी पांचमध्यें बहिणीच्या बरोबरीनें गाणारा मुलगा एकाएकीं घोगरा होतो, तार षड्जावर त्याचा आवाज चिरकतो, आणि चारचौघांत हंसें होईल ह्या भीतीनें तो गाण्याचें नांव टाकतो. घरांतील मंडळी थट्टा करतात, ती तर निश्चित टाळावी. जाणता शिक्षक अशा वेळीं पट्टी खालीं आणतो, जोरकस ताना बंद करवितो, आणि खालच्या सप्तकांत सावकाश स्वर लावावयास सांगतो. वर्ष-दीड वर्षांत आवाज काळी एक किंवा दोनच्या आसपास ठरतो. ज्यानें ह्या अवधींत गाणें सर्वस्वीं सोडलें, त्यास आपला नवा आवाज ओळखीचा होण्याचा प्रसंगच येत नाहीं. पुढें पंचविसाव्या वर्षीं असे गृहस्थ "लहानपणीं गात होतों" एवढेंच सांगत बसतात. अशा गृहस्थांची आपल्याकडे वाण नाहीं.

चित्रकलेची हकीकत थोडी निराळी आहे. मुंबईची कलाशाळा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं सुरू झाली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं तेथें विद्यार्थी म्हणून दाखल झाले, आणि पुढील चार दशकें त्याच वास्तूंत त्यांनीं घालविलीं. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें पुस्तक ज्या घरांत असेल त्या घरांतील मुलांनीं तें जरूर वाचावें. शाळांतील मुलांसाठीं ज्या सरकारी रेखाकला परीक्षा होतात, त्यांची परंपरा मुंबई इलाख्याच्या काळापासूनची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हीं त्यांचीं इंग्रजी नांवें आमच्या आज्यांनाही ठाऊक असत, आणि अजून तीच चालूं आहेत.

ह्या परीक्षा म्हणजे फुलें-पानें रंगविण्याची करमणूक, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. वस्तुचित्राचेंच उदाहरण घेऊं. घरांतील पितळी तांब्या जमिनीवर ठेवून एखाद्या न शिकलेल्या मुलास तो काढावयास सांगा. तें तोंड वाटोळें काढील, कारण तांब्याचें तोंड वाटोळें असतें हें त्यास ठाऊक आहे. आणि बूड सरळ रेघेनें काढील, कारण तांब्या सपाट जमिनीवर बसला आहे हेंही त्यास ठाऊक आहे. डोळ्यांना मात्र यांपैकीं कांहींच दिसत नसतें. तोंड दिसतें तें चपट्या लंबवर्तुळासारखें. आणि बूड डोळ्यांपासून अधिक खालीं असल्यामुळें त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षांही अधिक बाकदार दिसते. तोच तांब्या उचलून डोळ्यांच्या पातळींत धरला, तर तोंडाची एक सरळ रेघ होते. चित्रकलेचा शिक्षक मुलास पहिल्या वर्षीं जें शिकवितो तें एवढेंच, कीं ठाऊक असलेलें बाजूस ठेव आणि दिसतें तें काढ. शाळेंतील दुसरा कोणता विषय हें इतक्या स्पष्टपणें शिकवीत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

स्मरणचित्रांत एस. टी. चें स्थानक, बाजार, लग्नाची पंगत असे विषय येतात. तेथें माणसें उभीं करावीं लागतात, आणि वाढपी वाकला म्हणजे त्याच्या पाठीचें काय होतें, हें पूर्वीं पाहिलेलें नसेल तर हात अडतो. संकल्पचित्रांत नक्षी व रंगसंगति. आणि चौथा भाग कर्तव्यभूमितीचा व अक्षरलेखनाचा. इंटरमिजिएटला घनभूमिति येते. मुलगा इंजिनिअर व्हावा म्हणून ज्या वडिलांनीं त्याची रंगपेटी काढून घेतली, त्यांनीं ही घनभूमितीची प्रश्नपत्रिका एकदां हातीं घेऊन पाहावी.

नृत्य आणि नाट्य यांविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों. कथ्थक व भरतनाट्यम् यांच्याही परीक्षा गांधर्व मंडळ घेतें, आणि मुलींची गर्दी आतां तेथेंच अधिक आहे. नाट्याला अशी पायऱ्यांची शिडी नाहीं. सुधाताई करमरकरांनीं १९५९ सालीं बालरंगभूमि सुरू केली तेव्हांपासून मुलांचें नाटक मोठ्या रंगमंचावर आलें खरें, पण शाळेंत तें अजून बहुधा स्नेहसंमेलनापुरतेंच राहिलें आहे.

आतां गुणांविषयीं. सरकारी रेखाकला परीक्षेंतील श्रेणीबद्दल, तसेंच शास्त्रीय गायन, वादन व नृत्य यांच्या मान्य परीक्षांबद्दल, माध्यमिक शालान्त परीक्षेंत वाढीव गुण देण्याची पद्धत आपल्या राज्यांत आली आहे. तिचा एक लाभ उघड आहे. ज्या घरांत "चित्रें काढून पोट भरतें का?" असा प्रश्न विचारला जाई, तेथें आतां कलेच्या वर्गास जाण्याची परवानगी सहज मिळते. परंतु ह्याच पद्धतीचें दुसरें अंग असें, कीं ठरलेली पायरी गांठली, प्रमाणपत्र शाळेच्या कचेरींत दिलें, कीं कलेचें काम संपलें असें घरांत समजलें जातें. मग एकाच बैठकींत दोन परीक्षा उरकण्याची घाई होते, चिजा रागासाठीं पाठ होत नाहींत, परीक्षकासाठीं होतात. वर्गाची निवड करतांनाही "तुमच्याकडे निकाल कसा लागतो?" हाच पहिला प्रश्न असतो. शिक्षक स्वतः गातात कसे, हें विचारणारे पालक विरळा. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत कला हा अवांतर विषय मानूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे. तें वाक्य कागदावर उत्तम आहे; पण सहामाही जवळ आली कीं चित्रकलेचा तास गणिताच्या शिक्षकांस देण्याची शाळांची जुनी चाल ह्या वाक्यानें मोडेल, असा भरंवसा आम्हांस वाटत नाहीं. पालकसभेंत ह्याबद्दल कोणी तक्रार केल्याचें क्वचितच ऐकूं येतें. एक-दोघांनीं केली तर फरक पडेल.

शाळेवर सर्व भार टाकून चालणार नाहींच. एकत्र कुटुंबांत ह्या बाबतींत एक सोय असते आणि एक अडचण. अडचण जागेची. एका खोलींत काका वार्ताहराचें बोलणें ऐकत आहेत, दुसऱ्या खोलींत वहिनींचें तान्हें झोंपलें आहे, अशा घरांत तंबोरा जुळवावा कोठें? पुष्कळ घरीं हा प्रश्न मुलीच्या बाबतींत अधिक लवकर निकालांत निघतो. तिचा वर्ग आधीं सुटतो, आणि भावाचा तबला आणखी सहा महिने चालतो. हें कोणी ठरवून करीत नाहीं, पण होतें, आणि घरांतील बायकांनींच तें पाहिलें पाहिजे. सोय अशी, कीं अशा घरांत ऐकणारें माणूस मिळतें. पहांटे देवघरांत बसलेल्या आजीस रागाचें नांव सांगतां आलें नाहीं, तरी काल लागला होता तो स्वर आज लागला नाहीं, हें बरोबर कळतें. यंत्रांतून निघणारा तंबोऱ्याचा स्वर रियाजास सोयीचा असतो, पण तो चूक सांगत नाहीं.

दहावीच्या वर्षीं दोन-दोन तास कोणी मागत नाहीं. रोज सकाळीं अर्धा तास गळ्याला, किंवा रविवारीं एक तास तांब्या-भांड्यांच्या चित्राला, एवढेंच पुरे. वर्ग आठवड्यास एकदांचा करून घ्यावा, पण सोडूं नये. इंटरमिजिएट आठवींत-नववींत होऊन गेलेली असेल तर ह्या वर्षीं परीक्षेचें ओझेंही नसतें. गाणाऱ्या मुलांसाठीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शालान्त परीक्षा मार्चांत आटोपते, आणि गांधर्व मंडळाच्या परीक्षांचीं जीं दोन सत्रें असतात त्यांपैकीं एक एप्रिल-मे महिन्यांत येतें. वर्षभर गळा चालूं राहिला असेल, तर मधल्या मोकळ्या दिवसांत विशारदाच्या पहिल्या भागाची तयारी पुरी करतां येते. मात्र त्या सत्राचे अर्ज पुष्कळ आधीं भरावे लागतात, तेव्हां दिवाळीनंतर एकदां शिक्षकांकडे जाऊन मुदतीची चौकशी करून ठेवावी.