प्रशिक्षणानंतरची दोन वर्षे

बेरोजगारांसाठीच्या एखाद्या योजनेचे फलित विचारले, की प्रथम सांगितली जाते ती प्रशिक्षितांची संख्या. वर्ग भरले, प्रमाणपत्रे वाटली. परंतु प्रमाणपत्र म्हणजे रोजगार नव्हे. हा भेद बँकेच्या शाखेत लवकर उमगतो, कारण तोच उमेदवार पुढे कर्जाचा अर्ज घेऊन समोर येतो.

या संदर्भात कर्नाटकातील एक उपक्रम अभ्यासण्याजोगा आहे. धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या सहभागातून १९८२ साली उजिरे येथे ‘रुडसेटी’ ही स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. (सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली.) विनाशुल्क, निवासी आणि अल्प मुदतीचे प्रशिक्षण हे तिचे वैशिष्ट्य, त्याहून मोलाचा आहे तो नंतरचा पाठपुरावा. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने हाच नमुना स्वीकारून बँकांच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ‘आरसेटी’ उभारल्या. या चळवळीस मार्गदर्शन करणारी रुडसेटी राष्ट्रीय अकादमी बेंगळुरूत आहे.

येथे उमेदवाराची विचारपूस प्रशिक्षणानंतर दोन वर्षे होते. दुकान सुरू झाले का, कर्ज मिळाले का, काम टिकले का, हे पाहून तो ‘स्थिरावला’ अशी नोंद होते. ही कसोटी निश्चितच वरच्या दर्जाची; तरीही एक प्रश्न उरतोच. प्रशिक्षण नसते तर तो स्थिरावलाच नसता काय? होतकरू उमेदवारच निवडले, तर आकडा आपोआप उजळ दिसतो. म्हणून तुलना हवी ती, त्याच पात्रतेच्या परंतु जागेअभावी प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांशी. शिवाय नव्या शिलाई दुकानाने शेजारचे जुने दुकान बसविले असेल, तर गावातील रोजगार वाढला कुठे?

भत्त्याच्या योजनेस मात्र वेगळे माप लागते. कर्नाटक शासनाच्या ‘युवनिधी’चे वाटप जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, बेरोजगार पदवीधरास दरमहा ३,००० व पदविकाधारकास १,५०० रुपये, कमाल दोन वर्षे. येथे पाहावयाचे ते हे, की या आधारामुळे युवकाला योग्य नोकरी शोधण्यास उसंत मिळाली, की शोधच लांबला.

कर्जखाते हा बोलका पुरावा खरा; पण तोही तपासूनच घ्यावा. हप्ते वेळेवर येतात, आणि चौकशीअंती कळते, की ते भरतात वडील, आपल्या निवृत्तिवेतनातून!