लाकडी चकई आणि वर्षभराचा नेम

दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. त्याची शेती केव्हाच गेली. भोवताली सरकारी वसाहती, विद्यापीठ आणि विकास प्राधिकरणाच्या सदनिका उभ्या राहिल्या, आणि मूळ गावठाण या साऱ्यांच्या मध्ये अंग चोरून उभे राहिले आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांतून भाजीची वाटी देता-घेता यावी. वर पाहावे तर विजेच्या तारांचे जाळे. तेथे भोवरा फेकण्यास जागा मिळत नाही, चेंडूफळीची तर गोष्टच नको. परंतु खाली सोडली की दोरीवरून पुन्हा हातात येणारी लाकडी चकई गच्चीच्या कोपऱ्यातही खेळता येते. तिला हातभर मोकळी जागा पुरे होते. अशा एखाद्या गच्चीवर कोणी गुढीपाडव्याला नेम धरला, की पुढल्या पाडव्यापर्यंत लाकडी आसाच्या चकईवाचून दुसरी चकई हाती घ्यावयाची नाही, तर त्याच्या पदरात काय पडेल? परदेशांतील काही हौशी खेळाडू असा वर्षाचा नेम खरोखरीच धरतात. चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत वाढलेल्यांना ही रीत अगदीच परकी वाटू नये.

या खेळण्याला आज जगभर यो-यो म्हणतात. ते नाव फिलिपाइन्समधून आले. त्या देशातून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस याने १९२८ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे ती बनविण्याचा कारखाना काढला. पुढे डंकन नावाच्या व्यापाऱ्याने तो धंदा विकत घेऊन नाव घरोघर पोचविले. १९६५ साली तेथील न्यायालयाने ‘यो-यो’ हा शब्द आता सर्वांचा झाला आहे, त्यावर एका कंपनीची मालकी चालणार नाही, असा निर्णय दिला. पण वस्तू या नावाहून फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधील एका चषकावर ती खेळणाऱ्या मुलाचे चित्र आहे. इतके दूर तरी कशाला जावे? मुनिरक्याहून काही तासांच्या वाटेवर ब्रजभूमी आहे, आणि सूरदासांच्या पदांतील बाळकृष्ण यशोदेपाशी भोवरा आणि चकडोरी मागतो. राजस्थानातील बुंदी-कोटा शैलीच्या, सुमारे १७७० सालच्या एका चित्रात एक स्त्री चकई खेळताना दाखविली आहे. बाजारात विलायती म्हणून विकले जाणारे हे खेळणे या मुलखात असे पूर्वीच नांदून गेले आहे.

आता तिचे कार्य पाहू. दोन लाकडी चकत्या, मध्ये एक बारीक आस, आसाभोवती गुंडाळलेली दोरी, एवढाच हा संसार. चकई हातातून सुटली की दोरी उलगडते आणि पडण्याची गती फिरण्यात जमा होत जाते. दोरी संपते, फिरणे मात्र संपत नाही. दोरी आसाला घट्ट बांधलेली असेल तर फिरती चकई तीच दोरी पुन्हा स्वतःभोवती गुंडाळीत लगेच वर चढू लागते. वाटेत घर्षणाने थोडी शक्ती खर्च होते, म्हणून आपणहून ती पूर्ण हातात येत नाही. तेवढी तूट मनगटाने भरून काढावयाची असते. फ्लोरेसने अमेरिकेत नेलेल्या प्रकारात दोरी आसाला बांधलेली नव्हती. एकच लांब धागा दुमडून, पीळ देऊन, त्याचा सैल फास आसाभोवती अडकविलेला असे. त्यामुळे चकई खाली पोचली की फासात जागच्या जागी फिरत राहते. खेळाडूंच्या बोलीत ती ‘झोपते’. बोटाने किंचित झटका दिला की दोरी क्षणभर ढिली पडते, फिरता आस तिला पकडतो, आणि चकई जागी होऊन वर येते.

लाकडी आसाची सारी गंमत आणि सारी अडचण येथेच आहे. झोपलेल्या चकईला थांबवू पाहते ते दोरीचे आणि लाकडाचे घर्षण. आणि तिला परत आणते तेही तेच घर्षण. आस फार गुळगुळीत झाला तर चकई झोपेल पुष्कळ, पण हाकेला ओ देणार नाही. फार खरबरीत झाला तर झोपण्याआधीच उठून बसेल. १९९० च्या दशकापासून या दोहोंतून सुटण्याचा मार्ग सर्वत्र पसरला: आसावर छऱ्यांचे बेअरिंग बसविले, आणि धातूची चकई मिनिटेच्या मिनिटे फिरू लागली. दोरीची नाना तऱ्हेची जाळी विणण्याचे आजचे चमत्कार त्यामुळेच शक्य झाले. या सुधारणेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यातील रुंद फटीच्या चकया झटका देऊनही परत येत नाहीत. दोरीची निराळी घडी घालून त्यांना परत बोलवावे लागते. लाकडी चकईला साधारण दहा-वीस सेकंदांचे आयुष्य असते. जे करावयाचे ते तेवढ्यात.

म्हणूनच नेमाचे पहिले दोन महिने बहुधा वैतागाचे जातात. फेक किंचित तिरकी गेली तर बेअरिंगवाली चकई ती चूक पोटात घालते, कारण तिच्यापाशी फिरण्याची शिल्लक असते. लाकडी चकई लगेच कलते, चकतीची आतली बाजू दोरीला घासते आणि झोप मोडते. दोष मनगटाचा आहे हे त्याच क्षणी कळते. शिवाय प्रत्येक फेकीबरोबर दोरीचा पीळ बदलत जातो. तो अति वाढला की फास आसाला आवळून बसतो आणि अति उलगडला की ढिला पडतो. यावर उपाय सोपा: दोरीचे बोटातले टोक धरून चकई लोंबकळत सोडावी, तिच्या वजनाने पीळ आपोआप सरळ होतो. दोरी मात्र सुतीच हवी. कृत्रिम धाग्याची दोरी जोराच्या फेकीत लाकडाशी घासून तापते आणि वितळून तुटते. तुटली म्हणजे चकई कोणाच्या खिडकीत जाईल हे सांगता येत नाही. मधल्या बोटावर दोरीच्या फासाने वळ उठतो. महिन्या-दीड महिन्यात तेथे घट्टा पडतो.

नेम वर्षाचाच का, याचे उत्तर दिल्लीच्या हवेत आहे. वैशाख-ज्येष्ठात लू वाहू लागली की लाकूड सुकून आकसते, आणि चकत्यांत ठोकून बसविलेला आस ढिला होण्याची भीती असते. हेच दिवस चकई लांब झोपण्याचे. आषाढ लागला की हवेत दमटपणा येतो, लाकूड फुगते, सुती दोरी ओलसर होऊन आसाला चिकटते. काल पंधरा सेकंद झोपणारी चकई आज पाचांत उठते. अशा वेळी आसावर मेणाचा हलका हात फिरवावा लागतो, आणि जरा जास्त झाला की ती परत येईनाशी होते. पौषातल्या धुक्याच्या सकाळी बोटेच बधिर असतात, तेव्हा चकईला बोल लावणे अन्यायाचे होईल. धातूच्या चकईला हे ऋतू जवळजवळ कळतच नाहीत. लाकडी चकई वर्षातून निदान तीनदा पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते, आणि जो चार महिन्यांत नेम सोडतो त्याला तिचे एकच रूप दिसते.

काही गोष्टी मात्र वर्ष संपले तरी जमत नाहीत, हे सांगितले पाहिजे. लांबलचक गुंफणीचे खेळ लाकडी आसावर होत नाहीत. त्याऐवजी चकई हातात न घेता पुन्हा पुन्हा पुढे भिरकावणे, पाळणा करून त्यात तिला झुलविणे, वर येताना मध्येच थोपवून दोरीची गुंडाळी उलट फिरविणे, असे थोडक्या वेळाचे आणि नेमक्या ठोक्याचे खेळ हाती येतात. वयस्क माणसाने हा नेम धरला तर शेजाऱ्यांचे हसूही वर्षभर पुरते. त्यावर उपाय नाही.

खरी अडचण निराळीच आहे. खेळण्यास योग्य अशी लाकडी चकई मिळावी कोठून? महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी नावाजलेली. तेथील चितार आळीतील रंगीत फळे, पाट, भोवरे पाहून ज्याचे बालपण जागे होत नाही असा मराठी माणूस विरळा. तेथील गंजिफांना आणि लाकडी कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु खेळणे कपाटात ठेवण्यासाठी विकत घेतले जाऊ लागले की कातारी रंगाकडे लक्ष देणार, तोलाकडे नव्हे. यात त्याचा काय दोष? चकईच्या दोन्ही चकत्या वजनाने सारख्या नसतील तर ती कितीही सुंदर असो, डगमगते. आस नेमका मध्यावर नसेल तर हाताला थरथर जाणवते. हे दोष पाहताना दिसत नाहीत, फेकताच समजतात. वर्षभर रोज चकई फेकणारे दहा गिऱ्हाईक एखाद्या कातऱ्याच्या दारी गेले, तर तो काय करून देईल हे पाहण्यासारखे आहे. दोन अर्धे समतोल कातण्याचे कसब त्याच्या हातात आजही आहे, विचारणारा मात्र भेटत नाही.

वर्षाअखेरीस चकई उघडून पाहावी. आस काढता-घालता येईल अशी लाकडी चकई अमेरिकेत १९७८ साली टॉम कून या दंतवैद्याने बाजारात आणली होती. पाडव्याला पांढरट असलेला आस आता काळपट तपकिरी झालेला असतो. दोरी ज्या जागी फिरली तेथे बारीक खाच पडलेली असते, घासून घासून आलेली चकाकी असते, आणि एखाद्या जोराच्या फेकीत करपलेल्या सुताचा माग. चकत्यांच्या कडा गच्चीच्या सिमेंटने खालेल्या असतात. तो आस बदलून नवा घालावा की तसाच ठेवून दुसरे वर्ष लावावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. खाचेमुळे चकई थोडी लवकर परत येते, एवढे खरे.